शब्दांचं माहेर विचारणारी कांता

शाळेनं मला पगार दिला तो इंग्रजी शिकवण्याचा. मी जन्मभर केलं ते भलतंच. मी पोरांना इंग्रजी शब्दांची माहेरं सांगत बसलो. अमका शब्द कोणत्या देशात जन्मला, कोणाच्या घरी वाढला, इंग्रजीच्या घरात नांदायला आल्यावर त्याचे काय हाल झाले, हे सांगता सांगता तास संपायचा आणि धडा तिथल्या तिथं राहायचा. हेडमास्तर डोकावून विचारत, "काय गुरुजी, कुठवर आलं?" मी म्हणायचो, "सर, खिडकीपर्यंत पोचलो." आणि खरोखरच त्या वेळी फळ्यावर 'विंडो' हा एकच शब्द असायचा. विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी भिंतीतल्या भोकाला हे नाव ठेवलं आणि इंग्रजांनी ते उचललं. आता मला सांगा, एवढी गंमत डोळ्यांपुढं असताना तिसऱ्या धड्याची प्रश्नोत्तरं कोण लिहून देईल?

आमची शाळा भंडारा जिल्ह्यात, अड्याळच्या बाजूच्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून होती. गोष्ट सत्तरच्या दशकातली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग बांधीत, म्हणजे शेतात, असायचा आणि उरलेला निम्मा गुडघाभर चिखल घेऊन बाकावर. या पोरांना इंग्रजी कायले पाहिजे, हे मला त्यांच्या आईबापांनी हजारदा विचारलं असेल. मी उत्तराच्या भानगडीत न पडता पोरांना हसवायचं ठरवलं.

'मसल' शिकवला तो दिवस मी विसरणार नाही. मसल म्हणजे मुळात लहानसा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं, म्हणून जुन्या रोमन लोकांनी ठेवलेलं नाव. एवढं सांगायचा अवकाश, सारा वर्ग बाह्या वर करून उभा! "गुरुजी, माझा उंदीर पाहा! गुरुजी, याचा तं चिचुंद्री हाय!" आठवडाभर गावात पोरं एकमेकांना उंदीर दाखवत फिरत होती. एका पोराची माय तणतणत शाळेत आली. "काय शिकवता जी तुमी? पोट्टा जेवून नाई राहिला. म्हणते, माह्या दंडात उंदीर शिरला." तिची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली, आणि शेवटी तिनं जाता जाता स्वतःचा दंड चाचपून पाहिलाच!

आता तुम्ही म्हणाल, ही विद्या या मास्तराला आली कुठून? तर गावच्या जुन्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, माडी साफ करताना एक जाडजूड इंग्रजी कोश निघाला. शब्दांच्या व्युत्पत्तीचा. वरचा पुठ्ठा गेलेला, त्यामुळं कर्ता कोण ते देव जाणे. वाळवीनं ए आणि बी ही दोन अक्षरं सबंध फस्त केली होती. त्यामुळं माझं ज्ञान सी पासून सुरू होतं. ए चा शब्द कोणी विचारला की मला तहान लागायची आणि मी माठाकडं जायचो. पोरांना ते कळलं होतं. परीक्षा तोंडावर आली आणि शिकायचा कंटाळा आला की मागच्या बाकावरून हमखास ए चा शब्द यायचा.

गावातली मोठी माणसंही येत. एकदा एकाच दिवशी दोन शेजारी कास्तकार माझ्याकडं आले, एक सकाळी, एक दुपारी. तलावातून येणाऱ्या एकाच पाटाच्या पाण्यावरून दोघांचं जुंपलेलं. दोघांनाही एकमेकांविरुद्ध इंग्रजीत अर्ज पाहिजे, आणि इंग्रजी असं वजनदार की साहेबाचं डोकं गरगरलं पाहिजे. मी दोघांना संध्याकाळी एकत्र बोलावलं आणि सांगितलं, "बाबांनो, इंग्रजीत प्रतिस्पर्ध्याला रायव्हल म्हणतात, आणि त्याचा मुळातला अर्थ एकाच ओढ्याचं पाणी घेणारे शेजारी." दोघं एकमेकांकडं पाहून इतके हसले की चहा होईपर्यंत भांडण विसरले. मी स्वतःवर भलताच खूश झालो. आठ दिवसांनी दोघं पुन्हा पाटावर भांडले, आणि आता एकमेकांना 'रायव्हल' म्हणून शिव्या देत होते.

हे सगळं छान, पण निकाल? निकालाचं नाव काढू नका. माझी पोरं शब्दांचं कूळ सांगायची, पण पेपरात त्याला मार्क नव्हते. माझ्यामागून आलेले मास्तर हेडमास्तर झाले, मी शेवटपर्यंत फळ्यापाशीच. वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही. वाटतं. आणि सर्वांत जास्त वाटलं ते कांताच्या वेळी.

कांता ही सदूभाऊंची थोरली मुलगी. सदूभाऊ शेजारच्या गावचे धान पिकवणारे कास्तकार, तलावाखाली चार बांध्या, माणूस सरळ पण हट्टी. कांताला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी भंडाऱ्याला डी.एड. करायचं आणि त्याआधी मॅट्रिक. बाकी सर्व विषयांत पोरगी पास, इंग्रजीत दोनदा गचकली. कारण काय? कारण मी! शब्दांच्या माहेराचं खूळ जसं तिच्या डोक्यात शिरलं तसं कोणाच्याच शिरलं नाही. दुसऱ्या खेपेला पेपरात शेतकऱ्यावर निबंध आला होता. बाईनं काय लिहावं? 'व्हिलन' हा शब्द मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या गरीब माणसाला म्हणत, आणि मोठ्या लोकांनी त्याचा बदमाश कसा करून टाकला, तेवढंच! आहे त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पानभर. मला तिनं हे सांगितलं तेव्हा आधी मी खो खो हसलो आणि मग काळजात चर्र झालं.

सदूभाऊ म्हणाले, "बस झालं. दोनदा पाहिलं. आता माघात लगीन." परीक्षा असायची मार्चात. म्हणजे तिसऱ्यांदा बसायचा प्रश्नच मिटला.

इथं मला त्या काळची एक रीत सांगायला हवी. मुलगा नोकरीवर असला की त्याला 'इंग्रजी येणारी' मुलगी पाहिजे असायची. घरात कोणालाच इंग्रजी येत नसे, म्हणून मुलगी पाहायला जाताना सोबत एक इंग्रजी जाणणारा नेत. मुलीनं चहा ठेवला की त्यानं दोन प्रश्न विचारायचे, मग अंगणात येऊन 'पक्कं' किंवा 'कच्चं' असा निकाल द्यायचा. पंचक्रोशीतला हा मान माझा. रविवार मोकळा असायचा आणि पोहे आवडायचे, दुसरं काही नाही. माझ्या हातून एकही पोरगी नापास झाली नाही. जिला 'नेम' आणि 'नेव्हर' यातला फरक कळत नव्हता तिलाही मी पक्कं म्हणून मोकळा झालो. इंग्रजीपायी कोणाचं लग्न मोडावं, एवढा पापी मी नव्हतो.

तर दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, लाखनीची एक मंडळी मला न्यायला आली. मुलगा ग्रामसेवक. सोबत त्याचे आईवडील आणि मोतीमामा. या मोतीमामांचं लाखनीला सडकेवर पंक्चरचं दुकान. दिवसभर ट्रक पाहायचे, त्यामुळं ट्रकवर जेवढं इंग्रजी लिहिलेलं असतं तेवढं त्यांना पाठ. आम्ही गाडीत बसलो. कोणाकडं जायचंय हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. गाडी सदूभाऊंच्या अंगणात थांबली तेव्हा कुठं मला कळलं.

सदूभाऊंनी मला पाहिलं. "अरे बाप्पा! गुरुजी, तुमी त्यायच्याकडून?"

"मले काय मालूम होतं सदूभाऊ!" मी म्हटलं.

पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन कांताच आली. पाणी ओतता ओतता, मान खाली, ओठ न हलवता ती पुटपुटली, "गुरुजी, पक्कं म्हणाल तं माघात लगीन होते. कच्चं म्हणाल तं बाबा म्हणतीन, पाय, दोन सालं फुकट गेली, आता शाळेचं नाव काढू नको. मी काय करू?"

मी नुसते पाय तीनतीनदा धुतले. पोरीनं नेमकं माझ्या वर्मावर बोट ठेवलं होतं. एकीकडं खड्डा, दुसरीकडं विहीर, आणि मधे मी ओल्या पायांनी उभा.

आत बसलो. पोहे आले. मी घसा साफ केला, तेवढ्यात मोतीमामांनी हात वर केला. "थांबा जी गुरुजी. ही पोट्टी तुमच्याच शाळेतली म्हंता. घरचाच पैलवान अन् घरचाच पंच, असं नाई चालणार. शब्द मी पुसतो. तुमी फक्त निकाल सांगा."

मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि पहिला ट्रक सोडला. "सांग पोरी, डेंजर म्हणजे काय?"

कांतानं माझ्याकडं पाहिलं. मी छपराच्या कवेलूंकडं पाहिलं. ती म्हणाली, "आताचा अर्थ सांगू का जुना?"

"दोन दोन अर्थ हायेत काय? बरं, जुना सांग."

"जुन्या काळी डेंजर म्हणजे मालकाची हुकमत. जो मालकाच्या ताब्यात असे, तो डेंजरमध्ये आहे म्हणत."

सदूभाऊंचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून मुलाच्या आईचा आवाज आला, "मायबाई! हे तं मले लग्नाच्या दिवसापासून मालूम हाय!" आणि ती पदर तोंडाला लावून अशी हसत सुटली की तिला ठसका लागला. तिच्या शेजारी मुलाचे वडील सुपारी कातरत होते, ते कातरायचे थांबले आणि अडकित्त्याकडंच पाहत राहिले.

मामा आता रंगात आले. "बरं, टायर?"

"टायर म्हणजे चाकाचे कपडे. आंगावरच्या पोशाखाले जो इंग्रजी शब्द हाय, त्याचाच हा तुकडा." कांताची जीभ आता गावरान चालायला लागली होती, म्हणजे पोरीची भीती गेली हे मी ओळखलं.

मामांनी गुडघ्यावर थाप मारली. "म्हणजे मी इतकी सालं चाकाले कपडे घालून राहिलो काय? अन् लोकं मले पंक्चरवाला म्हणतेत. मी तं शिंपी झालो ना बे!" हे 'बे' त्यांनी सरळ आपल्या मेव्हण्याला उद्देशून म्हटलं. पण त्या क्षणी कोणालाच त्याचं भान नव्हतं.

मग मुलगाही लाजत लाजत म्हणाला, "लेडी म्हणजे?"

"भाकर मळणारी. अन् लॉर्ड म्हणजे भाकर राखणारा."

"अन् आयत्या बसून खाणाऱ्यायले काही शब्द हाय का नाई?" मुलाच्या आईनं विचारलं.

"हाय ना काकू. लॉर्डच्या चाकरमाणसायले 'भाकर खाणारे' म्हणत."

"हे पाहा," काकूंनी ओळीनं बसलेल्या सगळ्या पुरुषांकडं बोट दाखवलं, "हे सारेच्या सारे भाकर खाणारे!" त्यात मीही आलो. माझ्या हातात पोह्यांची दुसरी बशी होती.

त्यानंतर जे झालं त्याला मुलगी पाहणं म्हणता येणार नाही. शेजारपाजारचे दाराशी जमले. जो तो शब्द टाकून राहिला. स्वयंपाकघरातून कांताची आई शब्द पाठवू लागली. मामांनी मधेच 'ॲक्सल' विचारला आणि कांतानं व मी एकदमच पाण्याच्या लोट्याला हात घातला. चहा निवून त्यावर साय धरली. मुलगी कशी आहे, नाकीडोळी नीटस आहे का, हुंडा, मानपान, सगळं सगळं बाजूला पडलं. कांता तर अशी खुलली होती की मी दोन वर्षांत वर्गात तिला तशी पाहिली नव्हती. आणि मला मात्र घाम फुटत होता, कारण पोरगी जितकी उजळत होती तितकं माघातलं लगीन पक्कं होत होतं.

शेवटी मामा उठले. "चाला गुरुजी, अंगणात. निकाल."

सगळे मागोमाग आले. सदूभाऊ दाराच्या चौकटीला धरून उभे. आतल्या खोलीच्या अंधारात कांता. "सांगा. पक्कं का कच्चं?"

अंगणात चुलीवर मोठ्या गंजात भात रटरटत होता, पाहुण्यांच्या जेवणाचा. मी सरळ जाऊन झाकण काढलं, एक शीत घेतलं आणि बोटात दाबलं. "हे पाहा मामा. वरून फुललं, मधात कडक. हे पक्कं म्हणू का कच्चं?"

"हे तं व्हायचं हाय अजून," मामा म्हणाले.

"तसंच पोरीचं इंग्रजी. गोडी तुम्ही पाहिलीच. पण परीक्षेला लागते ते अजून मधात कडक आहे. आता उतरवला तर पंगतीला घास लागेल, फेकला तर अन्नाचा नास. मार्चातल्या परीक्षेपर्यंत विस्तवावर राहू द्या, एवढाच माझा निकाल."

एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून बोलताना माझा आवाज कापला नाही. मामा हळहळले, "वाफ तं गजब सुटली होती जी!" पण मुलाच्या आईनं माझ्या हातातलं झाकण घेऊन गंजावर ठेवलं आणि सदूभाऊंना म्हणाली, "अर्ध्या भाताचं झाकण काढू नोका भाऊ. आमाले माघातच सून पाहिजे, आमी दुसरीकडं पाहू. पण पोरीले परीक्षा देऊ द्या."

धान पिकवणारा माणूस. अर्धा भात उतरवा असं कोणत्या तोंडानं म्हणणार? सदूभाऊ चौकट सोडून चुलीपाशी आले, एक लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "ठीक हाय. बसू द्या तिसऱ्यांदा. पण गुरुजी, यावेळी नाई झालं तं मंग तुमीबी मधात पडाचं नाई. हे शेवटचं."

त्या ग्रामसेवकाचं लग्न माघात दुसऱ्या गावच्या मुलीशी झालं. ती मुलगी तपासायलाही मीच गेलो होतो. पक्कं म्हणून सांगितलं.

आणि इकडं माझी सत्त्वपरीक्षा सुरू झाली. मी कांताला बजावलं, "मार्चपर्यंत एकाही शब्दाचं माहेर विचारायचं नाही. पत्रलेखन, उतारे, भाषांतर, बस." ती रोज शाळा सुटल्यावर यायची. धडा वाचता वाचता 'सॅलरी' यायचा, पोरगी थबकायची, डोळे मोठे करून माझ्याकडं पाहायची. मी डोळे वटारायचो. ती मान खाली घालून पुढं वाचायची. तिला त्रास व्हायचा हे तर खरंच, पण मला काय व्हायचं ते कोणाला सांगू! जिभेवर आलेलं गिळायचं म्हणजे गरम वडा गिळण्यासारखं. परीक्षेचा अर्ज भरताना 'कँडिडेट' आला तेव्हा मी उठून व्हरांड्यात जाऊन आलो. तो सबंध हिवाळा मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, नेमलेलं इंग्रजी नेमल्याप्रमाणं शिकवलं. फार कंटाळवाणं काम आहे हो ते. जे मास्तर जन्मभर करतात त्यांना माझा दंडवत.

निकाल जूनमध्ये लागला. इंग्रजीत कांता पास झाली, अगदी काठावर, पण पास! आकडा पाहिला आणि मी ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्यानं ओरडलो. हेडमास्तरांच्या हातून शाईची दौत सांडली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

तासाभरात तलावाच्या पाळीवरून कांता पळत येताना दिसली. मागून सदूभाऊ, हातात बैल हाकलायची टोकदार काठी, तुतारी, तशीच, पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, नांगरणीवरून उठून आलेले. मला वाटलं, पोरगी पाया पडेल, रडेल. छे! पायरीवरच थांबली, धापा टाकत म्हणाली, "गुरुजी, सॅलरी?"

मी म्हटलं, "मीठ! रोमन लोकांचं मीठ!"

"कँडिडेट?"

"पांढरे कपडे घातलेला! रोमात निवडणुकीला उभे राहणारे पांढरेशुभ्र झगे घालून हिंडत."

"आजचे पुढारीबी तसेच! कर्फ्यू?"

"विस्तव झाका! रात्री घंटा झाली की चुली झाकायचा हुकूम."

"नाइस?"

"आधी मूर्ख! मग लाजाळू, मग चांगला!"

पोरीनं सगळा हिवाळा एकेक शब्द डोक्यात दाबून ठेवला होता. माझंही तेच झालं होतं. आम्ही दोघं वेड्यासारखे एकमेकांवर शब्द फेकत होतो आणि हसत होतो. इतर मास्तर बाहेर येऊन पाहू लागले. हेडमास्तरही आले, शाईचे हात पुसत, आणि चक्क पायरीवर बसले.

सदूभाऊ इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. चेहऱ्यावरून काही कळेना. पोरगी पास झाली, भंडाऱ्याचं डी.एड. नको, आता लगीन, असं म्हणतात की काय, ही धास्ती माझ्या मनात होतीच. त्यांनी तुतारी खांबाला टेकवली.

"गुरुजी, एक मीबी पुसू काय?"

"पुसा ना सदूभाऊ."

"हा 'पास' कोठचा जी?"

मी म्हटलं, "लॅटिनचा. मूळ अर्थ पाऊल. पास होणं म्हणजे पाऊल टाकून पुढं जाणं."

सदूभाऊंनी पोरीकडं पाहिलं. त्यांच्या पायाला नांगरटीची माती, डोळे एकदम भरलेले.

"मंग एक पाऊल टाकून कोणी उभं रायते काय? चाल वो कांता. बैल सोडतो अन् येतो. उद्याच्या पहिल्या मोटारीनं भंडाऱ्याले जाऊन राहिलो आपण."